वाचक विचारतात : आकाशवाणी-दूरदर्शनवर हुकूम कोणाचा?

प्रश्न (सांगली) : आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती स्वायत्त महामंडळ आहे, असं शाळेपासून वाचत आलो. मग सरकार कोणत्याही पक्षाचं असो, बातम्या त्याचीच री का ओढतात?

उत्तर : कायद्याने स्वायत्तता दिली, पण तिच्या नाड्या केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाच्या हातात राहिल्या. प्रसार भारती कायदा 1990 चा. तो सात वर्षं धूळ खात पडला आणि 15 सप्टेंबर 1997 ला अमलात आला. मधे 9 फेब्रुवारी 1995 ला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकाल दिला की, प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचं नियंत्रण स्वतंत्र सार्वजनिक संस्थेकडे हवं.

आता नाड्या कोणत्या ते पाहा. पहिली नेमणुकीची. अध्यक्ष आणि बरेचसे सदस्य निवडणारी समिती तिघांची : उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे हे तिसरं नाव कुठून येतं ते उघड आहे. पण त्याहून सोपी युक्ती म्हणजे नेमणूकच न करणं. फेब्रुवारी 2020 ते मार्च 2024 अशी चार वर्षं प्रसार भारतीला पूर्णवेळ काय, अर्धवेळसुद्धा अध्यक्ष नव्हता. मंडळाला अध्यक्षच नसेल, तर मंत्रालयाला 'नाही' कोण म्हणणार?

दुसरी नाडी पगाराची. 5 ऑक्टोबर 2007 ला सेवेत असलेले कर्मचारी कायद्यातल्या दुरुस्तीनुसार सरकारी कर्मचारीच आहेत, प्रसार भारतीत ते प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं. पगाराचा पैसा केंद्राच्या अनुदानातून येतो. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश यांनी जाहीरपणे सांगितलं की, अनुदान न मिळाल्याने जानेवारी-फेब्रुवारीचे पगार राखीव निधीतून करावे लागले. मंत्रालयाचं म्हणणं असं की, सामंजस्य करार केल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. तांत्रिक बाजू कोणाचीही खरी माना, नाक दाबलं की तोंड उघडतं हे कर्मचाऱ्यांना कळून चुकलं. पूर्वी श्रोते पोस्टात रेडिओचा परवाना भरत, तो 1980 च्या दशकात बंद झाला. ऐकणाऱ्याने आकाशवाणीसाठी स्वतः पैसे भरण्याची वाटही तिथेच संपली.

तिसऱ्या नाडीकडे कोणी फारसं पाहत नाही, ती बातमीच्या कच्च्या मालाची. 2020 मध्ये प्रसार भारतीने पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांची वर्गणी थांबवली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये संघ परिवाराशी नातं असलेल्या 'हिंदुस्थान समाचार' या वृत्तसंस्थेशी करार केला. डेस्कवर जो मजकूर येईल त्यातूनच बातमीपत्र बांधलं जातं. मग संपादकाला फोन करण्याची गरजही उरत नाही.

पक्षाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आणीबाणीत आकाशवाणीने किशोरकुमारची गाणी बंद केली ती काँग्रेसच्या राज्यात. 2014 च्या निवडणुकीत दूरदर्शनने नरेंद्र मोदींची मुलाखत कापून दाखवली तीही काँग्रेसच्याच राज्यात, आणि तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी मंत्रालयाची पकड सुटत नसल्याचं मंडळाला लेखी कळवलं. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, भाजपच्या राज्यात, नागपूरचं सरसंघचालकांचं विजयादशमीचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. 2017 च्या स्वातंत्र्यदिनी तर त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं ध्वनिमुद्रित भाषण, मजकूर बदलल्याशिवाय प्रसारित होणार नाही, असं आकाशवाणीकडून कळवण्यात आलं.

प्रश्न (नाशिक) : 'हे दाखवू नका' असा आदेश सरकार कायद्याने देऊ शकतं का?

उत्तर : देऊ शकतं, प्रसार भारती कायद्याच्या कलम 23 खाली. पण कारण देशाचं सार्वभौमत्व, एकता-अखंडता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांपैकीच हवं. एखादं प्रसारण करायला लावण्याचीही त्यात सोय आहे. हे प्रसारण सरकारी आदेशावरून होत आहे, असं श्रोत्यांना सांगण्याची मुभा प्रसार भारतीला आहे, आणि अशा प्रत्येक आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. आम्हाला हे कलम वाईट वाटत नाही, कारण त्यात कागद आहे. फोनवरून आलेल्या 'जरा बघून घ्या'ला कागद नसतो, जबाबदारी कोणाचीच नसते आणि संसदेत प्रश्न विचारायला हाताशी काही उरत नाही.

प्रश्न (ठाणे) : निवडणुकीतली पक्षांची भाषणं दूरदर्शन का कापतं?

उत्तर : मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. दुसऱ्या देशावर टीका, धर्म वा समाजावर हल्ला, नाव घेऊन वैयक्तिक टीका, न्यायालयाचा अवमान अशा गोष्टींना बंदी आहे. नियम ठीक आहेत, घोळ ते लावण्यात होतो. 2024 मध्ये सीताराम येचुरींच्या भाषणातून 'सांप्रदायिक हुकूमशाही राजवट' अशा अर्थाचे शब्द काढायला लावले आणि कारभाराच्या 'दिवाळखोरी'ऐवजी 'अपयश' म्हणायला सांगितलं. यात ना व्यक्तीचं नाव आहे, ना धर्माचं. सरकारवर कडक शब्दांत टीका करणं हेच तर विरोधी पक्षाचं काम.

प्रश्न (पुणे) : श्रोत्याने तक्रार कुठे करायची?

उत्तर : कायद्याच्या कलम 14 मध्ये प्रसारण परिषद आहे. कार्यक्रम एकांगी आहे, विपर्यास झाला आहे, अशा तक्रारी ऐकणं हे तिचं काम. ती स्थापनच झालेली नाही. प्रसार भारतीवर देखरेख ठेवण्यासाठी कायद्यात असलेल्या 22 खासदारांच्या संसदीय समितीचीही तीच गत. म्हणून माहितीचा अधिकार वापरा.

अर्ज ज्या केंद्राबद्दल आहे तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. शुल्क 10 रुपये, मजकूर शक्यतो 500 शब्दांच्या आत. 'ही बातमी का दिली नाही?' असं विचारू नका. कारणं तयार करून देणं अधिकाऱ्याला बंधनकारक नाही, आणि असे अर्ज तिथेच बाद होतात. कागद मागा : अमुक तारखेच्या सकाळच्या प्रादेशिक बातमीपत्राची वाचलेली संहिता, त्या दिवसाची क्यू शीट (कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा यांचा तक्ता), ड्यूटी ऑफिसरचा प्रक्षेपण अहवाल. ठरलेला कार्यक्रम ऐन वेळी बदलला, तर त्याची नोंद याच अहवालात सापडते. नोंदी कायम ठेवत नाहीत, म्हणून प्रसारणानंतर लगेच अर्ज टाका.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा आणि त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. राज्य माहिती आयोगाकडे पाठवू नका, आकाशवाणी केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे. करारांची माहिती बहुधा 'व्यापारी गोपनीयता' म्हणून कलम 8(1)(d) खाली नाकारतात. तिथे अपिलात व्यापक जनहिताचा मुद्दा मांडा, त्याच कलमात त्याची तरतूद आहे.

अर्जाबरोबर आवाजही उठवा. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला होता. विरोध झाला आणि त्याला स्थगिती मिळाली. ती दिली मात्र प्रसार भारतीच्या मंडळाने नव्हे, माहिती-प्रसारण मंत्र्यांनी.