ड्यूटी रोज बदलते, झोपायचं कधी? नव्या ड्रायव्हरांचे प्रश्न

एसटीवर नव्याने लागलेल्या ड्रायव्हर पोरांचे, त्यांच्या बायकांचे, आयांचेही मेसेज सारखे येतायत आणि घोळ सगळ्यांचा एकच, की ड्यूटीचा टाइम रोज वेगळा तर झोपेचं काय करायचं. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

प्रश्न (परळी): परवा पहाटे 5 ची गाडी, काल दुपारची, आज वस्तीची. झोप बसतच नाही. सवय व्हायला किती दिवस लागतील?

सवय होणार नाही, ती वाट बघू नका. आपल्या शरीरातलं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं आणि तुमची ड्यूटी एका दिवसात सात-आठ तास इकडची तिकडे होते, मग ते जुळणार कसं. त्यापेक्षा तास जमवा. 24 तासांत 7 तास झोप झाली पाहिजे, एका दमात जमलं तर उत्तम, नाहीतर दोन तुकड्यांत. उद्या पहाटेची गाडी असेल तर आज साडेआठला आडवं व्हायचं, मग गल्लीत वरात असो की टीव्हीवर मॅच. रात्रीची गाडी करून आलात तर आधी झोप, शेतातलं काम नंतर. आता एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही हे मलाही माहितीय, म्हणून घरातली सगळ्यात गार खोली तुमची, खिडकीला जाड गोधडी, कूलर, फोन दुसऱ्या खोलीत. आणि आईला समजावून सांगा. ती मायेनेच 12 वाजता "दोन घास खाऊन झोप बाळा" म्हणून उठवते आणि मग परत डोळा लागत नाही. येतानाच थोडं खाऊन झोपा. दोन-तीन आठवडे एवढं सगळं करूनही झोप लागत नसेल तर डॉक्टरला दाखवा.

प्रश्न (जालना): मग झोपेची गोळी घेऊ का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही, तिचा अंमल दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगवर बसल्यावरही राहू शकतो.

प्रश्न (लातूर): सोबतचे जुने लोक म्हणतात पुडी तोंडात ठेवली की झोप येत नाही. एका मेडिकलवाल्याने जागं राहायची गोळी दिली. एनर्जी ड्रिंकही घेतो. काही धोका आहे का?

धोका आहे आणि मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर वाचा. आपण जागे असतो तसतसा मेंदूत झोपेचा दाब वाढत जातो आणि तो झोपेशिवाय कशानेच उतरत नाही. चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक यांतलं कॅफिन तो दाब कमी करत नाही, फक्त तुम्हाला जाणवू देत नाही. डब्यावर बैल काढा नाहीतर वीज काढा, आत कॅफिन आणि साखरच. पुडीने झोप थांबत नाही, तोंडाचा कॅन्सर मात्र होतो. आणि ती गोळी! विनाचिठ्ठी अशी गोळी देणारा मेडिकलवाला तुमचा मित्र नाही, छातीत धडधड वाढली, बीपी वाढलं तर तो गाडीत तुमच्या शेजारी बसलेला नसतो. ती आजच बंद करा, किती दिवस घेतली आणि काय होतंय ते डॉक्टरला खरं सांगा.

डेपोत तोंडाला मशीन लावून दारू तपासतात ना? कायद्याची मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताचा वेग साधारण 50 मिलिग्रॅमवाल्यासारखा होतो, हे अभ्यासांत दिसलंय. म्हणजे थेंब न पिता मर्यादेच्या वर, आणि हे डेपोतलं ते मशीन पकडत नाही. पहाटे 2 ते 6 सगळ्यात वाईट वेळ, त्याखालोखाल दुपारी 2 ते 4. डुलकी लागते ती डोळे उघडे असतानाही लागते. 60 च्या स्पीडला 3 सेकंदांत गाडी 50 मीटर जाते आणि मागं चाळीस माणसं झोपलेली असतात. सारख्या जांभया, मागचा किलोमीटरचा दगड कधी गेला ते न आठवणं, गाडी कडेच्या पट्ट्यावर जाणं, यातलं एक जरी झालं तरी काच उघडून, गाणी लावून, तोंडावर पाणी मारून पुढं रेटायचं नाही. जवळच्या स्टँडवर किंवा ढाब्यावर गाडी बाजूला घ्या, कंडक्टरला सांगा, एक कप चहा घ्या आणि लगेच 20 मिनिटं डोळे मिटा. चहा लागू व्हायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं फिरा, मगच स्टेअरिंग. हा उपाय तेवढ्यापुरताच, पुढं कंट्रोलरला कळवा. लेट झाल्याची बोलणी खाऊन घ्या. आणि झोप झालेली नसताना डबल ड्यूटीला सरळ नाही म्हणा, पैशाची नड असली तरी.

प्रश्न (परभणी): सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवली तर चालेल?

बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, सेटिरिझिनने सुद्धा, म्हणून "मी ड्रायव्हर आहे" हे डॉक्टरला आधी सांगूनच गोळी लिहून घ्या.

प्रश्न (बीड): शुगरची गोळी सकाळी आहे, पण ड्यूटीमुळे जेवणाचा टाइम हुकतो.

काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइडने, गोळी पोटात आणि जेवण नाही असं झालं की शुगर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली की गाडी थांबवून साखर खा आणि लगेच परत निघू नका. गोळीची वेळ मनाने बदलू नका, रोटेशनचा चार्ट घेऊन डॉक्टरकडे जा.

प्रश्न (अंबाजोगाई): मी जोरात घोरतो. बायको म्हणते मधेच श्वास थांबतो. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल का? ड्यूटी जाईल अशी भीती वाटते.

दिवाळीनंतर नको. श्वास थांबला की झोप रात्रीतून कितीतरी वेळा मोडते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही, म्हणून 8 तास झोपूनही दिवसा पेंग येते. बीपीही वाढतं. ऑनलाइन नाकाच्या क्लिपा, पट्ट्या विकतात, यावर त्यांचा भरवसा धरू नका. झोपेची तपासणी असते आणि झोपताना श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारं मशीन लावून बहुतेकांना चांगला फरक पडतो, आजार लपवून गाडी चालवण्यात धोका जास्त. तुमच्या गावातच सरकारी मेडिकल कॉलेज आहे, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत या सुट्टीलाच दाखवा. बायकोला सोबत न्या, रात्री काय होतं ते तिनेच बघितलंय.