पीप साइटच्या रायफलवर पैसे घालायचे तर आधी कशावर?

प्रश्न: सर, आम्ही मालवणचे. मुलगी अकरावीत आहे, टेन मीटर पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची एअर रायफल) खेळते, जिल्ह्यापर्यंत जाऊन आली, पण स्कोअर काही पुढे सरकत नाहीये. रायफल सेकंडहँड पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी. तिचा भाऊ मोबाइलवर सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे व्हिडिओ बघतो आणि रोज सांगतो की ट्रिगर बदला, बॅरल बदला, फ्री फ्लोट करा, म्हणजे बॅरलला पुढे कशाचाच स्पर्श होऊ देऊ नका. गणपती झाले की वीसेक हजार काढता येतील. नक्की काय घेऊ?
— एक पालक, मालवण

उत्तर: दादा, मुलगा चुकीचं बघत नाहीये पण ते यंत्रच वेगळं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटली की बोल्ट स्वतः मागे जाऊन पुढची गोळी आत घेतो, बॅरलवर हँडगार्डचा (बॅरलभोवतीच्या धरायच्या आवरणाचा) नाहीतर हाताचा दाब आला की ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, सरकतो, आणि कंपनीचा ट्रिगर बहुतेक वेळा जड असतो, म्हणून तिथे फ्री फ्लोट आणि नवा ट्रिगर यांचा खरंच फायदा होतो. मॅचच्या एअर रायफलला ट्रिगर मुळातच हलका आणि अ‍ॅडजस्ट होणारा येतो, तो फक्त कोचकडून नीट सेट करून घ्या. बदलायची काही गरज नाही.

एक गोष्ट मात्र तिकडेही खरी आणि इकडेही, आधी गोळी बघायची. आपला छरा 4.5 मिलीमीटरचा आणि टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, त्यामुळे छरा बॅरलला मानवला नाही तर पोरीने कितीही धरून मारलं तरी नऊच्या रिंगमध्ये जाणार आणि तिला वाटणार आपलंच चुकतंय, याचं मला फार वाईट वाटतं. मॅचचे छरे 4.49, 4.50, 4.51 अशा हेड साइजमध्ये मिळतात. तीन-चार प्रकारचे डबे आणा, रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, प्रत्येकाचे पाच-पाच शॉट एकाच जागी मारा. ज्याचं भोक सगळ्यात लहान आणि गोल पडेल त्याच लॉट नंबरचे डबे वर्षभराचे घेऊन टाका. आणि आपल्याकडे पावसात शिशावर पांढरी पूड धरते, ते छरे वापरू नका, डबे सिलिका जेल टाकून हवाबंद ठेवा, हाताळल्यावर हात साबणाने धुवायला सांगा.

मग हवा. हातपंपाने भरत असाल तर किनाऱ्यावरची दमट हवा दाबली गेली की पाणी होऊन सिलिंडरमध्ये उतरतं, आतून गंज धरतो, हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर बिघडतो आणि छऱ्याचा वेग शॉटगणिक बदलतो. तुमच्याकडे तर तारकर्लीला स्कूबावाले आहेत, त्यांच्या कॉम्प्रेसरची फिल्टर केलेली कोरडी हवा 200 बार दाबाला मिळते, फक्त रायफलला बसणारा अ‍ॅडॉप्टर आणि गेज लागेल, तो खर्च जरूर करा. वेल्डिंगवाल्याकडचा नाहीतर हॉस्पिटलचा ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, कोणी कितीही सांगो, आत तेलाचा अंश असला की स्फोट होतो.

उरलेले पैसे जॅकेटला. पोरगी वाढत्या वयाची, जुनं जॅकेट खांद्यात आवळत असेल नाहीतर कमरेला ढिलं असेल तर पोझिशन रोज वेगळी बसते. मापाने शिवून घ्या आणि कापडाची जाडी नियमाप्रमाणे 2.5 मिलीमीटरच्या आत आहे ना ते शिवणाऱ्याला आधीच बजावा, नाहीतर मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे सामानाच्या तपासणीत, अडकेल. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकायचा भाग) तिच्या अंगाप्रमाणे लावायला तर एक पैसा लागत नाही, मान न वाकवता डोळा आपसूक पीपसमोर यायला हवा, बहुतेकांचं इथेच बिनसतं.

आणि हो, सेकंडहँड घेतलीय म्हणून हे सगळं घ्यायच्या आधी सिलिंडरवर छापलेली तारीख बघा. 10 वर्षं उलटून गेली असतील तर तो मॅचमध्ये चालत नाही आणि भरणंही धोक्याचं, मग जॅकेट पुढच्या वर्षी, आधी सिलिंडर.