तुमच्या मुलीचा ओढा नेपथ्याकडे दिसतो

प्रश्न : फोंड्याजवळच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी दहावीत. शाळेत हार्मोनियम, फुगडी पथक, चित्रकला, एकांकिका, सगळं करून पाहिलं, पण एकही धरून ठेवलं नाही. गुण चांगले, म्हणून घरच्यांना विज्ञान शाखा हवी. तिला ‘कलेतच काहीतरी’ करायचंय. नेमकं काय, ते तिला सांगता येत नाही.

उत्तर : ताई, नमस्कार.

तुम्ही तिला धरसोड म्हटलंय, पण तुमच्याच पत्रात दोन गोष्टी ओघात येऊन गेल्यात. एकांकिकेत तिला दोनच वाक्यं होती. तरी तालमीत तिने दाराची जागा बदलायला लावली, कारण आत येणाऱ्या मुलाची पाठ प्रेक्षकांकडे होत होती. खडूने नवी खूण केली आणि बाईंनी ती मान्य केली. दुसरी गोष्ट दिवाळीत वाड्यावर केलेल्या नरकासुराच्या पुतळ्याची. त्याचं तोंड रंगवून झाल्यावर ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन दिव्याखाली ते कसं दिसतं ते बघून आली आणि डोळ्यांभोवतीचा काळा रंग वाढवला. हे कुणी शिकवलेलं नाही. माणूस कुठून येईल, लांबून काय दिसेल, उजेड कशावर पडेल, हा विचार नेपथ्यकार, म्हणजे रंगमंचाची मांडणी करणारा माणूस, करतो. चित्रकला आणि नाटक दोन्ही तिथे लागतात, आणि ताल कळत असेल तर प्रवेश कधी बदलायचा तेही कळतं. त्यामुळे हार्मोनियमचे दिवस फुकट गेले असं मी मुळीच मानत नाही.

आता शाखेचं. पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालयात चार वर्षांची बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, आहे. त्यासाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीनंतरचं. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव आधी लागतो. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत प्रदर्शनांच्या मांडणीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, तोही विचारात घ्या.

विज्ञानाचं एकच कारण मला पटतं. वास्तुकलेला जायचं तर बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवं, आणि नेपथ्याचे आराखडे मापातच काढावे लागतात. कांपालच्या कला अकादमीत तुम्ही नाटकं बघितली असतील. ती इमारत चार्ल्स कोरिया या गोव्याशी नातं असलेल्या वास्तुरचनाकाराची. आल्तिनोवरच वास्तुकला महाविद्यालयही आहे. म्हणून तिला गणित आवडत असेल तर विज्ञान घेऊ द्या, ही वाट खुली राहील. आवडत नसेल तर फक्त गुण आहेत म्हणून दोन वर्षं तिकडे ढकलू नका. त्या दोन वर्षांत तिची चित्रांची वही बंद पडेल, याची मला खरंच काळजी वाटते.

पैशाबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंत. निव्वळ नाटकाच्या नेपथ्यावर घर चालणं कठीण आहे. हे काम करणारे बहुतेकजण सोबत चित्रपट-मालिकांचं कलादिग्दर्शन, प्रदर्शनं, लग्नसमारंभांची सजावट किंवा कलाशिक्षकाची नोकरी करतात. सुरुवातीची काही वर्षं घरून आधार लागेल, हे धरूनच चाला.

परीक्षा संपली की एक करा. तुमच्या देवळाच्या जत्रेत गावातली मंडळी नाटक करतात, दिग्दर्शक ओळखीचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मांडवातल्या रंगमंचाची लांबी, रुंदी, उंची तिला टेपने मोजू द्या. मग १ मीटरला ४ सेंटीमीटर या मापाने पुठ्ठ्याचा रंगमंच करायला सांगा, त्यात दारं, बाकडं, तुळशीवृंदावन आणि त्याच मापाची पुठ्ठ्याची माणसं. तो घेऊन तिने दिग्दर्शकांकडे एकटीने जावं. ते प्रश्न विचारतील, चुका काढतील. घरी आल्यावर ती रडत बसते की कात्री घेऊन दारं हलवायला लागते, ते मला कळवा. बीएफए की वास्तुकला, हे आपण त्यानंतर ठरवू.