तालुक्याची पत्रकारिता सोडून पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या नोकरीत, गेलो तर लोक ‘विकला गेला’ म्हणतील का?

म्हणतील. मलाही म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्यानं म्हणणारा माझ्याच तालुक्यात दुसऱ्या पेपरचं काम करायचा, तेही ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या स्टेजवरून.

तुम्ही विचारलंय की मानधनावर घर चालत नाही, नागपूरच्या हॉस्पिटलची जनसंपर्काची ऑफर आहे, घेऊ का. घ्या.

२०१७ ला मी यवतमाळ जिल्ह्यात होतो. त्या वर्षी कपाशीवर फवारता फवारता जिल्ह्यात २० च्या वर माणसं विषबाधेनं गेली, शेकडो भरती. वॉर्डात एक मजूर भेटला, डोळे सुजून पार मिटलेले, गावात बोंब की हा पिऊन पडला. माझा हात धरून म्हणे, "भाऊ, पेपरात लिवजा, म्या पेलो नव्हतो, फवारत होतो."

मी लिहिलं. छापून आल्या आतल्या पानावर चार ओळी, त्याचं वाक्यच उडवलेलं. अन् त्याच आठवड्यात ऑफिसचा फोन, दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींचं टार्गेट किती झालं? आता तालुक्यात जाहिरात देतं कोण, कृषी केंद्रवाला, जिनिंगवाला, पतसंस्था, नाहीतर नेता. ज्या दुकानदाराला सकाळी विचारलं की हे औषध कोणाला विकलं, त्याच्याकडेच संध्याकाळी पाव पान मागायला गेलो. तो म्हणाला, "सकाळी चौकशी अन् संध्याकाळी जाहिरात मांगता का?" जाहिरात उधारीवर दिली, पैसे बुडाले, वसुली माझ्याच कमिशनमधून कापली.

म्हणून त्या स्टेजवाल्या मित्राला माझा आजही सवाल आहे, आमदाराच्या वाढदिवसाच्या पुरवणीत ‘विकासपुरुष’ कोण लिहायचं? आपणच ना बाप्पा! तो पीआरच होता, फक्त बातमीच्या नावाखाली. आज माझ्या प्रेसनोटवर वरच संस्थेचं नाव असतं, वाचणाऱ्याला कळतं कोण बोलतंय.

कामाचं म्हणाल तर लिहिणं तुम्हाला येतंच. प्रेसनोट दुपारी चारच्या आत, युनिकोडमध्ये, फोटोखाली नावं डावीकडून बरोबर. अवघड आहे ते मॅनेजमेंटला समजावणं. पेशंट दगावला, नातेवाईक गेटवर बसले, की साहेब म्हणतात फोन बंद ठेवा. तिथं अडून बसायचं, फोन उचलायचा, जे पक्कं माहीत आहे तेवढं सांगायचं, खोटं एक अक्षर नाही. हे जमणार नसेल तर जाऊ नका.

पगार मानधनापेक्षा बराच असतो पण आकडा लेखी घ्या, पीएफ विचारा. अन् हे मी हॉस्पिटल, कॉलेज, कंपनीबद्दल बोलतोय, नेत्याच्या पीआरचं नाही, तिथं निवडणूक संपली की पैसेही संपतात. आणखी एक, पेपरचं ओळखपत्र खिशात ठेवून हॉस्पिटलचा पगार घ्यायचा नाही. आमच्याकडे दोन्ही करणारे आहेत, तो स्टेजवाला त्यातलाच. आधी राजीनामा द्या, त्याची पोच घ्या, मग जॉइन व्हा.