रात्रभर ठाण्यात ठेवलं, नोंद मात्र कुठेच नाही

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला मोबाइल चोरीच्या संशयावरून रात्री घरातून पोलीस ठाण्यात नेलं आणि सकाळी सोडलं. अटक दाखवली नाही, एकही कागद दिला नाही. त्याच्या पाठीवर आणि तळपायांवर वळ आहेत. विचारायला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, ‘तो इथे आलाच नव्हता.’ कॅमेऱ्यांचं विचारलं तर ‘बंद आहेत.’ घरचे म्हणतात, सुटला ना, सोडून दे आता. तक्रार करायची तर कुठे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सोडून देऊ नका. पण तक्रार कुठे करायची हे नंतर बघू. आधी भावाला घेऊन सरकारी रुग्णालयात जा, आजच. वळ उतरले की सांगायला फक्त तोंडचे शब्द उरतात. डॉक्टरांना ‘पडलो’ असं सांगू नका. कशाने मारलं, कुठे मारलं, साधारण किती वाजता, हे जसंच्या तसं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. ‘पोलीस प्रकरण आहे’ म्हणून डॉक्टर खळखळ करतील, तरी एमएलसीची, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित दुखापतीची, नोंद करायचा आग्रह सोडू नका. तळपायांचे फोटो घरीही काढून ठेवा.

आता कॅमेरे. यावर मी सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं ‘बंद आहेत’ एवढं ऐकून परत फिरतात. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी आदेश दिला. मुख्य दरवाजा, सगळ्या कोठड्या, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, ठाण्याची मागची बाजू, कुठलाही कोपरा सुटता कामा नये. चित्रासोबत आवाजही हवा, अंधारात दिसलं पाहिजे. रेकॉर्डिंग अठरा महिने टिकवायचं. तेवढी सोय बाजारात मिळतच नसेल तर जास्तीत जास्त जितकं टिकेल तितकं, पण एक वर्षाच्या खाली नाही. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची. बंद पडले तर त्याने ते जिल्हा देखरेख समितीला कळवायचं, आणि बंद असतानाच्या काळात ठाण्यात ज्या अटका व चौकश्या झाल्या त्यांचा तपशीलही समितीला द्यायचा. म्हणजे कॅमेरे खरंच बंद असतील, तर तसं कळवल्याचा कागद असलाच पाहिजे. तो मागा.

त्यासाठी साधा मराठीत अर्ज लिहा. अमुक तारखेच्या रात्री अमुक वाजल्यापासून सकाळी अमुक वाजेपर्यंतचं मुख्य दरवाजा, व्हरांडा आणि कोठडीचं चित्रीकरण जतन करावं. कॅमेरे बंद होते असं म्हणणं असेल तर समितीला दिलेल्या कळवणीची प्रत द्यावी. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतल्या नोंदीही राखून ठेवाव्यात. पहिल्याच अर्जात चित्रीकरणाची प्रत मागण्यावर अडून बसू नका. प्रतीवरून वाद होतो आणि वादात महिने जातात. आधी ते पुसलं जाऊ नये, एवढंच बघायचं. अर्ज प्रभारी अधिकाऱ्याच्या नावाने, प्रत पोलीस अधीक्षकांना. पोच द्यायला नकार मिळाला तर दोन्ही स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

‘आलाच नव्हता’ हे त्यांचं वाक्य त्यांच्यावरच उलटू शकतं. माणूस ठाण्यात होता आणि नोंद नाही, तर ते बेकायदा डांबून ठेवणंच झालं. गाडी दाराशी आलेली पाहणारे शेजारी असतील, रात्री तुम्ही कुणाला फोन केले असतील, ते सगळं आठवून तारीख-वेळेसकट लिहून काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं बंधनकारक आहे. म्हणूनच अनेकदा अटक ‘दाखवली’च जात नाही, आणि याची मला सर्वांत जास्त चीड आहे.

मग तक्रार. पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शिवाय प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा बदलला २०१४ साली. राज्य आणि विभागीय पातळीवर ही प्राधिकरणं आहेत, आणि रीत सोडून केलेली अटक किंवा स्थानबद्धता त्यांच्या कक्षेत येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्जाला शुल्क नाही, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत जायला हवं. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकदम अर्ज करू नका. राज्याकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही.

या संस्थांच्या मर्यादाही सांगते. आयोग शिफारस करतो, प्राधिकरणाचा अहवालही शेवटी सरकारकडेच जातो. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांच्याच खात्याच्या शासनाने त्यावर कारवाई करायची, ही रचना मला मान्य नाही, आणि ती बदलायला हवी असं मी इथे लिहीतच राहणार. पण केसपेपर, अर्जाची पोच आणि तारखा हातात असतील तर याच संस्थांना तुमचं प्रकरण सहजी बाजूला सारता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिने जिल्हा कारागृहात कच्चा कैदी आहे. गुन्हा चोरीचा, आयुष्यातला पहिलाच. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. आत काय चालतं हे बाहेरचं कुणी बघतं तरी का?
– एक वडील

उत्तर : काका, बघायची तरतूद आहे. जिल्हा न्यायाधीशांनी आणि अभ्यागत मंडळाने कारागृहाला भेटी द्यायच्या असतात. ही नजर आपोआप आत गेलेली नाही. १९८२ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून घेतलं, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी यांचे आदेश दिले.

तुमच्या मुलाचा हिशेब मात्र त्याहून सोपा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की आधी कधीच गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. तुमचा मुलगा त्यापुढे गेला आहे. राहत्या घरातली चोरी असेल तर कमाल सात वर्षं, मग हिशेब सव्वादोन वर्षांच्या वर जातो. म्हणून आधी कलम नक्की कोणतं ते बघा. एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही सवलत लागत नाही.

अशा सुटकेचा अर्ज न्यायालयाकडे पाठवणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा अधीक्षकांच्या नावे अर्ज सोबत न्या. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. गुन्हा क्रमांक, कलम आणि अटकेची तारीख या तीन गोष्टी कागदावर लिहून मगच फोन लावा, पहिल्यांदा त्याच विचारतात.