ऑस्ट्रियातल्या रॅपिड व्हिएन्ना या फुटबॉल संघाला ‘कामगारांचा क्लब’ का म्हणतात?

कारण क्लबच्या पहिल्या नावातच ‘कामगार’ होता. १८९४ मध्ये व्हिएन्नात फुटबॉल रुजवला तो तिथल्या इंग्रज लोकांनी. त्यानंतर तीन-चार वर्षांत तिथल्या कामगारांनी स्वतःचा संघ काढला, ‘पहिला व्हिएन्ना कामगार फुटबॉल क्लब’. खेळायची जागा म्हणजे श्मेल्त्सचं लष्करी कवायतीचं उघडं मैदान.

‘कामगार’ या शब्दाकडे तेव्हाचं सरकार संशयाने बघायचं. ८ जानेवारी १८९९ ला नाव बदलून ‘रॅपिड’ केलं, बर्लिनच्या एका क्लबवरून. क्लब हीच आपली स्थापना-तारीख मानतो. मूळ रंग निळा-लाल. हिरवा-पांढरा १९०४ मध्ये आला. जुना निळा-लाल बाहेरगावच्या सामन्यांच्या जर्सीत अजून अधूनमधून दिसतो, आणि मला तोच खरा वारसा वाटतो. १९११-१२ ची ऑस्ट्रियाची पहिली लीग रॅपिडनेच जिंकली.

एक गल्लत मात्र नेहमी होते: रॅपिड म्हणजे समाजवादी पक्षाचा क्लब नव्हे. १९२४ मध्ये व्हिएन्नात व्यावसायिक लीग सुरू झाली, रॅपिड पैसे देऊन खेळाडू ठेवू लागला. त्या पक्षाशी जोडलेल्या कामगार क्रीडा संघटनेला नेमकं हेच मान्य नव्हतं, तिने हौशी फुटबॉलची वेगळी चूल मांडली. प्रेक्षक मात्र पश्चिमेकडच्या कामगार वस्त्यांतलेच राहिले.