काळ्या मातीतला बिस्मार्क पाम का पिवळा पडतो

मालवणच्या पाहुण्यांच्या अंगणात रुपेरी बिस्मार्क पाम वरचं पाणी न घालता वाढतो आणि कोल्हापुरात कसबा बावड्यात गेल्या वर्षी लावलेला पिवळा पडतो, तर पाणी वाढवायचं का, असं विचारलंय. वाढवू नका, आधी थांबवा. हे झाड मादागास्करच्या कोरड्या गवताळ माळाचं. कोकणात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, पण जांभ्यातून आणि रेताड जमिनीतून तो निथळून जातो. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात.

मधला न उमललेला कोंब हळूच ओढून बघा. सहज हातात आला आणि बुडाला घाण वास असेल तर कोंब कुजलाय. कुजका भाग काढून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. कोंब घट्ट असेल तर खोडापासून तीन-चार फुटांवर दीड फूट खोल चर काढून उताराकडे वाट द्या. झाड उपटून दुसरीकडे हलवायच्या फंदात पडू नका. खोड जमिनीवर दिसायच्या आधी मुळं तुटली की हा पाम बहुधा जातोच.

नवीन लावायचा तर उंच पिशवीतलं लहान रोप घ्या. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली तर त्याचा हौद होतो. त्यापेक्षा मुरूम आणि पोयटा निम्मा-निम्मा घेऊन दीड फूट उंच, सहा फूट रुंद उंचवटा करा. लागण पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात दहा दिवसांनी एकदा. पुढे पाण्याची फारशी गरज नाही. दिवसभर ऊन हवंच, सावलीत रुपेरी रंग फिका पडतो. भिंतीपासून बारा फूट सोडा, पसारा वीस फुटांवर जातो.

शेणखत पूर्ण कुजलेलंच. अर्धवट कुजलेल्या शेणात कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात, आणि म्हशींचे उकिरडे आपल्याकडे गल्लोगल्ली! पंख्यासारख्या पानांवर इंग्रजी व्ही आकाराचे काप दिसले की भुंगा कोंबात शिरून गेलाय असं समजा. छिद्रात तारेचा आकडा घालून तो ओढून काढा, मग वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरा.

खालच्या जुन्या पानांवर नारिंगी ठिपके म्हणजे पालाश (पोटॅश) कमी. ती पानं पूर्ण वाळेपर्यंत कापू नका, झाड त्यातलाच पालाश वर ओढून घेत असतं.